लहान महाविद्यालयाने फुटबॉल संघ उभारावा का, आणि उभारायचा तर कसा

कोल्हापुरात फुटबॉलची आवड कोणाला लावावी लागत नाही. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठेतल्या तालमींनी व तरुण मंडळांनी आपले संघ पिढ्यान्‌पिढ्या जपले आहेत. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचा, म्हणजे केएसएचा हंगाम सुरू झाला की शाहू स्टेडियम भरते, आणि पाटाकडील, शिवाजी, प्रॅक्टिस, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावे एरवी फुटबॉल न पाहणाऱ्याच्याही तोंडी येतात. अशा गावात एखाद्या लहान महाविद्यालयाने फुटबॉल संघ काढावा की नाही, हा प्रश्न विचारण्याचेच कारण काय, असे कोणालाही वाटेल. कारण असे की संघाचे नाव देणे सोपे असते आणि संघ चालवणे अवघड असते. पुष्कळ ठिकाणी स्पर्धा आठवड्यावर आली की सूचनाफलकावर नोटीस लागते, पेठेत खेळणारी जी मुले महाविद्यालयाच्या पटावर असतात त्यांना निरोप जातो, जर्सी कोठून तरी उसन्या आणल्या जातात, पहिल्या-दुसऱ्या फेरीत संघ बाद होतो आणि वार्षिक अहवालात ‘सहभाग’ एवढा एक शब्द जमा होतो. त्या संघामुळे महाविद्यालयातल्या एकाही नव्या विद्यार्थ्याच्या पायाला चेंडू लागलेला नसतो.

प्राचार्य, शारीरिक शिक्षण संचालक आणि जिमखाना समितीचे सदस्य यांच्यासाठी हे लिहीत आहे. माझे मत आरंभीच सांगतो. पटावर पाचशे-हजार विद्यार्थी असलेल्या महाविद्यालयानेही फुटबॉल संघ जरूर उभारावा. मात्र पेठांतल्या तालमींचे संघ ज्यांच्यापर्यंत पोहोचत नाहीत अशा विद्यार्थ्यांना वर्षभर खेळायला देण्याची तयारी असेल तरच उभारावा. ती तयारी नसेल तर तोच पैसा आणि तेच श्रम कबड्डी, खो-खो किंवा मैदानी खेळांवर खर्च करणे अधिक योग्य ठरेल.

निर्णय घेताना

संस्थेच्या बैठकीत संघाच्या बाजूने सहसा दोन मुद्दे मांडले जातात: संघामुळे महाविद्यालयाचे नाव होते आणि नाव झाले की प्रवेश वाढतात. हा युक्तिवाद अमेरिकेतून आलेला आहे आणि तिकडे त्याला काही आधार आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. तिथला ‘फुटबॉल’ हा वेगळाच खेळ असून त्याच्या एका महाविद्यालयीन संघात शंभराच्या आसपास खेळाडू असू शकतात. खालच्या, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतल्या महाविद्यालयांना खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही, त्यामुळे खेळण्यासाठी प्रवेश घेणारा विद्यार्थी सर्वसाधारण विद्यार्थ्याप्रमाणेच शुल्क भरतो. शंभर खेळाडू म्हणजे शंभर शुल्के, असा लहान संस्थांचा तो हिशेब आहे. आपल्या संघात अठरा ते वीस मुले असतात, त्यांतल्या अनेकांना शुल्कात सवलत असते, आणि शिवाजी विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयाची निवड करताना कोल्हापूर, सांगली किंवा साताऱ्यातला पालक फुटबॉल संघाची चौकशी करत नाही. प्रवेशवाढ हे कारण आपल्याकडे लागू पडत नाही, आणि त्या आशेवर उभा केलेला संघ दुसऱ्याच वर्षी ओझे वाटू लागतो.

अमेरिकेतले दुसरे उदाहरण मला अधिक उपयोगाचे वाटते. शिकागो विद्यापीठाचा संघ एके काळी इतका बलाढ्य होता की देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला दिला जाणारा हाइझमन करंडक १९३५ मध्ये पहिल्यांदा दिला गेला तो याच विद्यापीठाच्या जे बेरवँगर या खेळाडूला. त्यानंतर चारच वर्षांनी, १९३९ मध्ये, अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या कारकिर्दीत विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. १९६९ मध्ये संघ पुन्हा सुरू झाला तेव्हा जुने वैभव परत मिळवण्याचा हट्ट त्यामागे नव्हता. आज तो संघ शिष्यवृत्ती नसलेल्या तिसऱ्या श्रेणीत खेळतो आणि विद्यापीठाचा शैक्षणिक दर्जा जगात वाखाणला जातो. संघाचा आकार संस्थेच्या प्रकृतीला साजेसा ठेवला तर खेळ आणि अभ्यास एकत्र नांदू शकतात, हे त्यावरून दिसते. लहान महाविद्यालयाने विद्यापीठाचे विजेतेपद हे पहिल्या तीन वर्षांचे उद्दिष्ट ठेवूच नये. आठवड्यातून चार दिवस वीस विद्यार्थी मैदानावर येतात का, एवढेच पाहावे.

आपल्याकडे संघाच्या बाजूने खरी कारणे वेगळी आहेत. बारावीनंतर मुलामुलींचा खेळ सुटतो, आणि तो ज्या वयात सुटतो त्याच वयात शरीराला आणि मनाला त्याची गरज सर्वांत जास्त असते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० प्रमाणे राज्यात लागू झालेल्या पदवी अभ्यासक्रमांत क्रीडा हा विषय सहअभ्यासक्रमांत आला आहे, त्यामुळे मैदानावरच्या वेळेला श्रेयांकांच्या चौकटीत जागा मिळू शकते. शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, हेही विद्यार्थी जाणून असतात. मात्र प्रत्येक प्रमाणपत्र त्यासाठी ग्राह्य धरले जात नाही. कोणत्या स्तरावरची कामगिरी लागते हे शासन निर्णयात वाचून विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे. खोट्या आशेवर आलेला मुलगा निराश होऊन जातो आणि जाताना आणखी दोघांना घेऊन जातो.

संघ कोणाचा

हा सर्वांत नाजूक भाग आहे. पेठेतला चांगला खेळाडू महाविद्यालयाच्या पटावर असेल तर त्याला संघात घेण्याचा मोह होणारच, आणि घेऊ नये असे माझे म्हणणे नाही. पण त्याची पहिली बांधिलकी मंडळाशी असते. केएसएची नोंदणी मंडळाकडून झालेली असते, मंडळाचा सराव ठरलेल्या वेळी असतो, आणि महाविद्यालयाच्या सामन्यात घोटा मुरगळला तर त्याचा हंगाम वाया जातो. मंडळाच्या प्रशिक्षकाची नाराजी गैर नसते. म्हणून शारीरिक शिक्षण संचालकांनी जुलै महिन्यातच त्या मंडळाच्या व्यवस्थापकांना प्रत्यक्ष भेटावे, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या संभाव्य तारखा सांगाव्यात, आणि खेळाडू कोणत्या दिवशी कोणाकडे असेल हे ठरवून घ्यावे. तालमीत जाऊन बोलणे आणि कार्यालयातून पत्र पाठवणे यांत कोल्हापुरात फार अंतर पडते.

संघाचा गाभा मात्र बाकीच्यांचा असावा. शाहूवाडी, भुदरगड, राधानगरी, गगनबावडा, आजरा, चंदगड या तालुक्यांतून शिकायला आलेली, वसतिगृहात किंवा खोली घेऊन राहणारी मुले कोणत्याही पेठेची नसतात. त्यांना तालमीच्या संघात सहजी शिरकाव नसतो, कारण तालमीचा संघ त्या गल्लीतच लहानाचा मोठा झालेला असतो. या मुलांचा दम आणि पायांतली ताकद उत्तम असते; चेंडूवरचा ताबा शिकवावा लागतो. गडहिंग्लजसारख्या ठिकाणची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे फुटबॉल रुजलेला आहे आणि दिवाळीतल्या स्पर्धांना मोठी गर्दी होते. तिथल्या महाविद्यालयाला शहरापेक्षा तयार खेळाडू मिळणे अधिक सोपे जाते.

निवड चाचणी एका दिवसात उरकू नये. पहिले दोन आठवडे मैदान सर्वांना खुले ठेवावे, हजेरी घ्यावी, आणि तिसऱ्या आठवड्यात जे नियमित आले त्यांच्यातून पंचवीस जणांचा गट करावा. दोन गोलरक्षक अगदी आरंभापासून वेगळे काढावेत, कारण ऐन वेळी उंच मुलाला हातमोजे देऊन गोलमध्ये उभे करणे हा लहान संघांच्या पराभवाचा नेहमीचा मार्ग आहे. भारतीय विद्यापीठ महासंघाच्या (एआययू) आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी वय सतरा ते पंचवीस या मर्यादेत असावे लागते. वयाचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, चालू वर्षाची प्रवेश पावती आणि ओळखपत्र यांची प्रत्येक खेळाडूची एक धारिका ऑगस्टअखेर तयार ठेवावी. प्रवेशिका भरताना कागद अपुरे पडल्यामुळे घरी बसलेला खेळाडू पुढच्या वर्षी परत येत नाही.

मैदान

लहान महाविद्यालयाचा प्रस्ताव बहुतेक वेळा इथे अडतो. खेळाच्या नियमांप्रमाणे मोठ्या वयोगटासाठी मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर असावी लागते. किमान मापे घेतली तर ९० गुणिले ४५, म्हणजे ४,०५० चौरस मीटर होतात. आपल्या भाषेत बरोबर चाळीस गुंठे, एक एकर. रेषेबाहेर चारही बाजूंना तीन मीटर मोकळी जागा सोडली तर सुमारे साडेअठ्ठेचाळीस गुंठे लागतात. ही मोकळी जागा ऐच्छिक समजू नये. कुंपणाची तार किंवा सिमेंटचा कट्टा रेषेला लागून असेल तर धावत आलेला खेळाडू त्याच्यावरच आदळतो.

एवढी सलग जागा नसेल तर निराश होण्याचे कारण नाही. ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, म्हणजे जेमतेम आठ गुंठ्यांत, पाच-पाच जणांचा फुटसाल उत्तम खेळता येतो. सरावाची तीन चतुर्थांश गरज त्यावर भागते, कारण लहान जागेत चेंडू पुनःपुन्हा पायाशी येतो आणि नवशिक्या खेळाडूचा हात धरून शिकवण्यापेक्षा त्याला त्याचा अधिक लाभ होतो. आठवड्यातून एक दिवस पूर्ण मैदान मिळवावे. त्यासाठी शहरातल्या सार्वजनिक मैदानांवर विसंबताना सावध राहावे: गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचते, आणि मेरी वेदर मैदानावर प्रदर्शने भरली की सराव बंद पडतो. शेजारच्या ज्या शाळेला किंवा महाविद्यालयाला मैदान आहे पण संघ नाही, तिच्याशी लेखी करार करणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे.

स्वतःचे मैदान करायचे असल्यास पाण्याचा विचार सर्वांत आधी करावा. कोल्हापूरच्या पावसात काळ्या मातीचे मैदान जूनमध्ये चिकट होते आणि मार्चमध्ये भेगाळते. नुसत्या मुरुमाचे मैदान पाणी सोडते, पण पडलेल्याचा गुडघा सोलून काढते. दोन्हींचा मेळ घालावा. खाली दाबून बसवलेला मुरूम, त्यावर चाळलेली माती आणि वाळू यांचा दहा ते पंधरा सेंटीमीटरचा थर, आणि त्यात हरळी लावावी. हरळी आपल्या हवेत आपोआप पसरते आणि तुडवली तरी पुन्हा फुटते. मैदानाचा मध्य कडांपेक्षा किंचित उंच ठेवावा. शंभराला एक एवढा उतार पुरतो. ४५ मीटर रुंदीच्या मैदानात मध्यरेषा कडेपेक्षा सुमारे वीस-बावीस सेंटीमीटर उंच येते, ते डोळ्यांना जाणवतही नाही. पाणी वाहून नेणारा चर मोकळ्या जागेच्या बाहेर खणावा आणि त्यावर जाळी टाकावी.

गोलपोस्ट तयार विकत घेण्यापेक्षा उद्यमनगरातल्या एखाद्या फॅब्रिकेशन शॉपमध्ये करवून घेणे परवडते, पण मापे कागदावर लिहून द्यावीत. दोन खांबांमधले आतले अंतर ७.३२ मीटर, आडव्या दांडीच्या खालच्या कडेची जमिनीपासून उंची २.४४ मीटर, आणि खांबाची व दांडीची जाडी बारा सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी. वेल्डिंगच्या जागा घासून गुळगुळीत करून घ्याव्यात आणि रंग पांढराच द्यावा. जाळी अडकवण्यासाठी उघडे हूक लावू नयेत, कारण उडी मारणाऱ्या गोलरक्षकाचे बोट त्यात अडकते. हलवता येणारा गोलपोस्ट असेल तर मागच्या पाइपवर वाळूची पोती ठेवावीत किंवा तो जमिनीत खुंट्यांनी बांधावा, आणि त्याला लोंबकळण्यास सक्त मनाई करावी. न बांधलेला गोलपोस्ट अंगावर पडून जगभरात जीव गेलेले आहेत. नियमांतही गोलपोस्ट जमिनीला घट्ट बसवलेला असणे बंधनकारक आहे. आखणीसाठी फक्की वापरावी, कळीचा चुना कधीही वापरू नये. पावसात भिजलेल्या मैदानावर कळीचा चुना त्वचेला आणि डोळ्याला भाजतो, आणि फुटबॉलमध्ये खेळाडू रेषेवरून घसरत जातो हे शिपायाला समजावून सांगावे. रेषांची रुंदी बारा सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी आणि सर्व रेषा सारख्याच जाडीच्या असाव्यात.

प्रशिक्षक आणि सराव

शारीरिक शिक्षण संचालक हे एकटेच सर्व खेळ पाहत असतात. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंतच्या प्रवेशिका, परीक्षेचे काम, क्रीडा महोत्सव हे सारे सांभाळून फुटबॉलचा सराव घ्यावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे. स्वतंत्र प्रशिक्षक मानधनावर नेमावा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा डी परवाना असलेला तरुण प्रशिक्षक मिळाल्यास उत्तमच. तो नसेल तर खेळातून निवृत्त झालेला, बोलण्यात संयमी आणि वेळेचा पक्का असा पेठेतला जुना खेळाडू घ्यावा आणि त्याला परवान्याच्या अभ्यासक्रमाला बसवण्याचा खर्च महाविद्यालयाने करावा. मानधन दरमहा आणि वेळेवर द्यावे. स्पर्धेपुरते मानधन दिले की प्रशिक्षकही स्पर्धेपुरताच येतो.

सरावाची वेळ ठरवताना एसटीचे वेळापत्रक समोर ठेवावे. संध्याकाळी साडेसहापर्यंत सराव ठेवला तर रंकाळा किंवा संभाजीनगर स्थानकातून गावाकडे जाणारी गाडी चुकते, आणि तीन दिवसांत त्या मुलाची हजेरी थांबते. गावाहून ये-जा करणारे विद्यार्थी जास्त असतील तर तास संपल्यावर लगेच, साडेतीन ते पाच, हीच वेळ ठेवावी. वसतिगृहातले जास्त असतील तर सकाळी सहाची. दोन्ही गटांना एकच वेळ लादू नये. मिश्र संघ असल्यास तीन दिवस दुपारी आणि शनिवारी सकाळी, असा मार्ग काढता येतो.

प्रत्येक सरावाचा आरंभ वीस मिनिटांच्या ठरलेल्या व्यायामाने करावा. फिफाने तयार करून घेतलेल्या ‘११+’ या कार्यक्रमात पंधरा व्यायाम आहेत: आधी संथ धावणे, मग पोट, मांड्या आणि तोल यांचे व्यायाम व उड्या, आणि शेवटी वेगाने धावणे. आठवड्यातून किमान दोनदा तो नेमाने केला तर दुखापती लक्षणीय घटतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसले आहे. त्याला कोणतेही साहित्य लागत नाही. उडीवरून जमिनीवर येताना गुडघा आत वळतो का, हे प्रशिक्षकाने प्रत्येक खेळाडूच्या समोर उभे राहून पाहावे. गुडघा पायाच्या अंगठ्याच्या रेषेत राहिला पाहिजे. आतल्या बाजूला कोसळत असेल तर त्या खेळाडूचा गुडघ्याचा अस्थिबंध धोक्यात आहे असे समजून त्याच्याकडून हा व्यायाम आरशासमोर वेगळा करून घ्यावा. डोक्याला मार लागून खेळाडू क्षणभर जरी भांबावला तरी त्या दिवशी त्याला पुन्हा मैदानात उतरवू नये, मग सामना कोणताही असो. बर्फ, पट्ट्या, स्ट्रेचर आणि सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा जवळच्या रुग्णालयापर्यंत नेणारे एक वाहन सरावाच्या वेळीही उपलब्ध असावे, आणि संघातल्या प्रत्येकाचा अपघात विमा उतरलेला असावा.

बुटांविषयी एक सूचना. मुरुमाच्या कडक मैदानावर लांब स्टडचे बूट घसरतात आणि घोटा फिरवतात. आखूड, रबरी, जास्त संख्येचे स्टड असलेले बूट घ्यायला सांगावे. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी महाविद्यालयाने निरनिराळ्या मापांचे आठ-दहा जोड जिमखान्यात ठेवावेत आणि ते कोणाला दिले याची वाच्यता करू नये.

वर्षाचे गणित

विद्यापीठाच्या स्पर्धांचा क्रम असा असतो: आधी विभागीय स्पर्धा, मग आंतरविभागीय, त्यातून विद्यापीठाच्या संघाची निवड, आणि तो संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. महाविद्यालयाच्या संघाला प्रवेश संपल्यापासून स्पर्धेपर्यंत फार थोडा अवधी मिळतो आणि तोही ऐन पावसाचा. याच कारणाने संघाची बांधणी आदल्या शैक्षणिक वर्षाच्या जानेवारीत सुरू झाली पाहिजे. पहिल्या व दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन जानेवारी ते मार्च कोरड्या मैदानावर सराव घ्यावा, मे महिन्यात प्रत्येकाला घरी करायच्या व्यायामाचा तक्ता द्यावा, आणि जूनमध्ये नव्या प्रवेशांतून फक्त उणिवा भरून काढाव्यात. पावसात मैदान बंद असेल तेव्हा सभागृहात किंवा पार्किंगच्या पत्र्याखाली फुटसालचा चेंडू घेऊन ताबा, पास आणि भिंतीवरचे फटके यांचा सराव करता येतो. सत्र परीक्षेच्या आधीचे दहा दिवस सराव बंद ठेवावा आणि हे वर्षारंभीच जाहीर करावे. पालकांचा विरोध अर्धा त्यानेच मावळतो.

वर्षातून किमान बारा सामने मिळाले पाहिजेत. बाद पद्धतीच्या स्पर्धेत नवा संघ एका सामन्यात बाहेर पडतो आणि नव्वद मिनिटांसाठी वर्षभर घाम गाळल्याची भावना उरते. परिसरातली पाच-सहा लहान महाविद्यालये एकत्र येऊन शनिवारी साखळी सामने खेळली तर हा प्रश्न सुटतो. पंचांचे मानधन वाटून घ्यावे, यजमान महाविद्यालयाने चहा-नाश्ता द्यावा, आणि त्या सामन्यांत प्रत्येक खेळाडूला निदान अर्धा सामना खेळायला मिळेल असा नियम आपसांत करावा. माझ्या दृष्टीने ही साखळी संघापेक्षाही महत्त्वाची आहे; ती नसेल तर एकट्या महाविद्यालयाचा संघ फार काळ टिकणे कठीण आहे.

खर्च

खर्चाचे तीन भाग वेगळे मांडावेत. मैदान आणि गोलपोस्ट यांचा खर्च एकदाच येतो आणि त्यासाठी माजी विद्यार्थी, साखर कारखाना, बँक किंवा पतसंस्था यांच्याकडे हात पसरण्यात काही कमीपणा नाही. प्रशिक्षकाचे मानधन, चेंडू, विमा आणि मैदानाची निगा हा दरवर्षीचा खर्च जिमखाना शुल्कातूनच भागला पाहिजे, कारण देणगी एक वर्ष येते आणि पुढच्या वर्षी आटते. प्रवास व स्पर्धेचा भत्ता हा तिसरा भाग असून तो निकालावर अवलंबून असतो. संघ पुढे गेला तर पैसे कोठून येतील हे आधीच ठरवून ठेवावे. साहित्यात काटकसर करायची तर जर्सीत करावी, चेंडूंत करू नये. दोन खेळाडूंमागे एक, म्हणजे पाच नंबरचे दहा-बारा चेंडू नसतील तर निम्मा सराव रांगेत उभे राहण्यात जातो. सामन्याच्या चेंडूचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम आणि घेर ६८ ते ७० सेंटीमीटर असतो. खरेदी करताना वजनकाट्यावर ठेवूनच घ्यावा.

मुलींचा संघ आधी

एकच संघ काढण्याइतकी ताकद असेल तर तो मुलींचा काढावा, असे मी आग्रहाने सांगेन. मुलांना पेठेत, गल्लीत, मंडळात खेळण्याचे दहा मार्ग आहेत. मुलगी शालेय स्पर्धांत चांगली खेळलेली असली तरी बारावीनंतर तिला संघ मिळणे दुरापास्त होते आणि घरातूनही ‘आता पुरे’ असे सांगितले जाते. महाविद्यालयाचे नाव, महाविद्यालयाचे आवार आणि सोबत एक प्राध्यापिका असेल तर तोच बाप परवानगी देतो, कारण त्याची काळजी खेळाबद्दल नसून वेळ, वाट आणि जबाबदारी यांच्याबद्दल असते. पालकांना मैदानावर बोलावून सराव दाखवावा. कडी लागणारी कपडे बदलण्याची खोली, स्वच्छतागृह, आणि सराव संपल्यावर मुलगी गाडीत बसेपर्यंत थांबणारी व्यक्ती, या तीन गोष्टी झाल्याशिवाय नोटीस लावू नये. गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत मुलींमध्ये मुलांपेक्षा अधिक आढळते, त्यामुळे वर सांगितलेला व्यायाम त्यांच्या बाबतीत एकही दिवस चुकवू नये. अकरा मुली जमत नसतील तर पाचांच्या फुटसालने आरंभ करावा. सहा महिन्यांत मैत्रिणी मैत्रिणींना घेऊन येतात.

बंद पडलेला संघ पुन्हा उभा करताना

जुना संघ का थांबला हे कागदपत्रांतून आणि माणसांकडून शोधून काढावे. प्रशिक्षक निवृत्त झाले, मैदानावर इमारत उभी राहिली, की सामन्यात मारामारी होऊन संस्थेने हात झटकले, यावर पुढचे सारे अवलंबून असते. मारामारी हे कारण असेल तर समर्थकांसह सर्वांसाठी लेखी आचारसंहिता केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पेठांमधली ईर्षा महाविद्यालयाच्या मैदानात येऊ द्यायची नाही, एकाच संघात दोन पेठांचे खेळाडू असतील तर बसण्याच्या जागेपासून खोलीपर्यंत त्यांची सरमिसळ करायची, आणि पंचाशी फक्त कर्णधाराने बोलायचे, एवढे नियम पुरेसे आहेत. ते मोडणारा उत्तम खेळाडू असला तरी त्याला एक सामना बाहेर बसवावे.

जुने खेळाडू ही मोठी ठेव असते. त्यांना पहिल्या बैठकीला बोलवावे, जुन्या जर्सीचा रंग कायम ठेवावा, पण त्यांच्याकडे निवडीचा अधिकार देऊ नये. वेळेबाबत धीर धरावा. अमेरिकेत अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम शाखेने खर्चाच्या कारणावरून डिसेंबर २०१४ मध्ये आपला संघ बंद केला, लोकांच्या आग्रहामुळे आणि देणग्यांच्या आधारावर २०१५ मध्ये तो निर्णय फिरवला, तरी संघ प्रत्यक्ष मैदानात उतरला तो २०१७ मध्ये. मधले दोन हंगाम त्यांनी सामने न खेळता केवळ बांधणीत घालवले. एवढी साधने असलेल्या संस्थेला जर दोन वर्षे लागली, तर आपण निर्णय झाला त्याच सत्रात विभागीय स्पर्धेची प्रवेशिका भरण्याची घाई का करावी? पहिले वर्ष फक्त सराव आणि शनिवारचे मैत्रीपूर्ण सामने, दुसऱ्या वर्षी स्पर्धा, असा ठराव महाविद्यालय विकास समितीत करून घ्यावा, म्हणजे नवे प्राचार्य आले तरी तो टिकतो.

वर्षअखेरीस जिमखाना समितीपुढे निकालांची यादी ठेवण्याऐवजी हजेरीपट ठेवावा. किती विद्यार्थी वर्षाच्या आरंभी होते आणि किती शेवटपर्यंत राहिले, त्यांतले पूर्वी कोणत्याही संघात नसलेले किती, दुखापती किती झाल्या आणि कोणत्या, परीक्षेत किती जण अनुत्तीर्ण झाले, या नोंदी एका वहीत प्रशिक्षकाने स्वतःच्या हाताने लिहाव्यात. सलग दोन वर्षे सरावाची सरासरी उपस्थिती चौदाच्या खाली राहिली तर अकरा जणांचा संघ स्थगित करून फुटसालवर यावे, आणि तसे विद्यार्थ्यांना समोर बसवून सांगावे. ती वही, गोलपोस्टची मापे, मंडळांच्या व्यवस्थापकांचे दूरध्वनी क्रमांक आणि मैदानाच्या कराराची प्रत हे सारे शारीरिक शिक्षण संचालकांच्या कपाटात न ठेवता कार्यालयाच्या दप्तरी ठेवावे, कारण संचालक निवृत्त होतात आणि पुढची नेमणूक होईपर्यंत एक-दोन हंगाम सहज निघून जातात.